नाण्याचं दही

आमच्या घरात दुधाला विरजण लावत नसत. कोमट दुधात चांदीचं नाणं सोडायचं, वर झाकण ठेवायचं, सकाळी दही तयार. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं. पण आमच्या गल्लीत वीस-बावीस जैन घरं आहेत आणि त्यांतल्या बहुतेक घरांत असं एकेक नाणं आहे. कारण साधं आहे. शोधाचं, म्हणजे शुद्धीचे सगळे नियम पाळून केलेलं जेवण जेवणाऱ्याला आठ प्रहरांच्या पुढचं दही चालत नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर आज घातलं, आजच्यातलं उद्या, असं करत गेलं तर मुळातलं दही किती जुनं हे कुणी सांगावं? म्हणून विरजणच नको. नाणं धातूचं, त्याला वय नाही.

हे नाणं सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. सकाळी दह्यातून नाणं काढायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, धुवायचं, परत कोरडं पुसून त्याच फडक्यात गुंडाळून ठेवायचं. फडकं साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचं, साबण लावायचा नाही. आत्ती गेल्या तेव्हा नाणं आणि फडकं दोन्ही धाकट्या जावेकडे, रोहिणीकडे आलं, कारण चौका तीच लावते. चौका म्हणजे महाराजांच्या, आमच्या दिगंबर मुनींच्या, आहारासाठीचा वेगळा, सोवळ्यातला स्वयंपाक. मी हाताखाली असते. मालक गेल्यापासून दीर बापूसो आणि रोहिणी यांच्याबरोबरच माझं राहणं आहे.

रोहिणीची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका महाराजांचा आहार आमच्या दारी झाला होता. म्हणजे होत होता. तिसऱ्या घासाला महाराजांच्या ओंजळीत केस आला. केस आला, किडामुंगी आली की अंतराय. महाराज तिथंच ओंजळ सोडतात, हात धुतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. केस कुणाचा होता ते कळायला मार्ग नव्हता. चौक्यात सहाजणी होतो. पण घास रोहिणीच्या हातून गेला होता. कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही. फक्त त्यानंतर कुणाच्या चौक्यात मदतीला बायका लागल्या की तिला भाजी निवडायला बसवत, वाढायला नाही. अकरा वर्षं.

यंदा बस्तीत एका वृद्ध महाराजांचा चातुर्मास होता. बस्ती म्हणजे आमचं मंदिर, गल्लीच्या टोकाला. पहिल्याच दिवशी रोहिणीनं बस्तीत हात जोडून नियम घेतला की आपल्या दारी अंतराय न येता आहार होईपर्यंत भात खाणार नाही. जिला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही तिनं हा नियम घ्यावा म्हणजे काय ते मला समजलं. मीही रोज सकाळी दर्शन झालं की एक दिवसापुरता नियम घेते. कधी चारच पदार्थ, कधी मीठ नाही, कधी कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. लहान लहान असतात. पाळले की दिवसाला कड येते.

महाराजांनी सहा रसांतले पाच सोडलेले होते. दूध, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही नाही. राहिलं होतं फक्त दही. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, एक वेळ उभ्यानं आहार, तोही कधी होई कधी न होई. बिनमिठाचा भात आणि शिजवलेले मूग गिळायला दह्याचाच आधार. त्यामुळे गल्लीत ज्या घरचं दही चांगलं त्या घराचा मान वाढला. आमचं दही सगळ्यांत घट्ट लागायचं.

न होई म्हटलं ते अशासाठी, की महाराज बाहेर पडताना मनात एक विधी धरतात. आज दारात अमुक दिसलं तरच थांबायचं. जोडपं कलश घेऊन उभं असलं तर, नारळ उजव्या हातात असला तर, काहीही. ते कुणाला सांगत नाहीत. नाही जुळलं तर गल्ली फिरून परत जातात आणि उपास घडतो. मग गल्लीनं अंदाज बांधायला सुरुवात केली. जिथं थांबले तिथं काय होतं याची चौकशी दुपारपर्यंत घरोघरी पोचायची. एकदा ते दोन भाऊ शेजारी उभे होते त्या दारी थांबले. दुसऱ्या दिवशी समोरचे चौगुले बंधू, ज्यांचं नऊ वर्षं बोलणं बंद, ते एकाच कलशाला हात लावून उभे. महाराज पुढे निघून गेले. तरी हे दोघं पाच दिवस तसेच उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. सहाव्या दिवशी थोरला म्हणाला, जरा वर धर. एवढंच. मला हे सगळं बघायला आवडायचं. माणूस दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला निघतो तेव्हा स्वतःचं किती दाखवतो.

आमच्या दारी मात्र महाराज थांबत नव्हते. ऐंशी दिवस उलटले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बापूसोंनी घरातली चांदी घासायला काढली. पूजेचे तांबे, निरांजन, आणि त्याबरोबर ते नाणंही. पावडर लावून असं लख्ख केलं की त्यावरचा राजाचा चेहरा कित्येक वर्षांनी नीट दिसला. नव्या कोऱ्या रुमालात गुंडाळून त्यांनी ते रोहिणीला दिलं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत तिनं नेहमीसारखं दूध लावलं. सकाळी बघितलं तर दूधच. जरा नासल्याचा वास, दही नाही.

रोहिणी चुलीपुढं बसून राहिली. तिला वाटलं, आपल्या हातातच काहीतरी आहे. बापूसो म्हणाले, चांदीला घासल्यानं काय होतंय, दूधच पातळ असंल. ते ऐकून मी मागच्या बोळातल्या पिराजीच्या गोठ्यावर गेले.

पिराजी आम्हाला दूध देतो. चौक्याचं दूध म्हणून आम्ही आमचं गाळलेलं पाणी नेतो, म्हशीची कास धुतो, त्याला हात धुवायला लावतो आणि धार काढल्यावर पाऊण तासाच्या आत दूध तापवतो. तीन महिन्यांत तो याला सरावला आहे, पण बोलायचं सोडत नाही.

"वैनी, ह्या म्हशीला माझ्यापेक्षा जास्त अंघोळी झाल्या," तो म्हणाला. "आता ती शेणात बसायला लाजतीया."

दही लागलं नाही हे मी सांगितलं. त्याला दुधाचा अपमान वाटला. दूध पातळ असतं तर गवळ्याचं नाव सोडीन म्हणाला. मग नाण्याची हकीकत ऐकून हसला.

"नाण्यानं कुठं दही लागतंय व्हय? आमची आई नेसरीच्या रानात वस्तीला जायची तवा दह्यात फडकं बुडवून वाळवून न्यायची. तिकडं दुधात फडकं टाकलं की झालं दही. विरजण सांडत न्हाय, आंबत न्हाय."

मी म्हटलं बरं, आणि दूध घेऊन घरी आले. जिन्यापाशी पोचेपर्यंत मला ते कळून चुकलं होतं. पण कळणं आणि बघणं यांत फरक असतो, आणि मला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी हातकणंगल्याला आमच्या अंगणात मुंग्या साखरेच्या डब्याला लागत आणि शेजारच्या गुळाला लागत नसत, तेव्हा मी आठ दिवस डबे बदलून बदलून ठेवले होते. आईनं शेवटी डबेच उचलून ठेवले.

त्या दिवशी रोहिणीनं मला विचारून जुनं फडकं शोधलं, नाणं त्यात पुसलं, गुंडाळलं आणि संध्याकाळी दुधात सोडलं. सकाळी दही घट्ट. तिचा जीव भांड्यात पडला. नाण्याला नवा रुमाल मानवला नाही, असं ती बापूसोंना म्हणाली.

दोन दिवसांनी ती दुपारच्या प्रवचनाला जायची होती, त्या दिवशी मी सकाळीच तीन वाट्या मांडल्या. तिन्हींत एकाच पातेल्यातलं तापवून कोमट केलेलं दूध. पहिल्या वाटीत नाणं, पण पाण्यात चांगलं उकळलेलं. दुसऱ्या वाटीत तेच नाणं घालता येईना, म्हणून आत्तींच्या पेटीतलं दुसरं एक, जुन्या फडक्यात पुसून. तिसऱ्या वाटीत नाणं नाही. फडक्याच्या कडेचे चार सुटलेले दोरे. ऑक्टोबरचं ऊन होतं, गच्चीच्या दाराशी वाट्या ठेवल्या. साडेचारला झाकणं काढली. पहिल्या वाटीतलं दूध वाटी कलली की हलत होतं. दुसरीतलं दही धरलं होतं. तिसरीतलं सगळ्यांत घट्ट, चमचा उभा राहील असं.

दही नाणं लावत नव्हतं. दही फडकं लावत होतं. त्या फडक्यात कालचं, परवाचं, आत्तींच्या वेळचं, कदाचित आत्तींच्या सासूच्या वेळचं दही होतं. ज्या घरात आम्ही दह्याचे प्रहर मोजत होतो, पाणी दुहेरी कापडातून गाळून राहिलेले जीव परत आडात सोडत होतो, त्या घरात तीस-चाळीस वर्षांचं विरजण खुंटीवर वाळत होतं आणि कुणाच्या मनात आलं नव्हतं. आम्ही नाण्याकडे बघत होतो.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. कोडं सुटल्याचं बरं वाटतं तसं. मग तिन्ही वाट्या धुताना दुसरं लक्षात आलं. महाराज दारात आले की देणाऱ्यानं म्हणायचं असतं: मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध. हे म्हटल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नाहीत. रोहिणी रोज सकाळी हे म्हणायच्या तयारीनं उभी राहत होती आणि तिच्या चौक्यात हे दही होतं. तिनं म्हटलं तर तिच्या जाणिवेनं ते खरं होतं. मी म्हटलं तर नव्हतं.

संध्याकाळी सांगू म्हटलं तर ती प्रवचनाहून चेहरा उजळून आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की महाराज आता ज्या दारांत एकदाही गेले नाहीत तिथं जातील. दिवस मावळायला आला होता, दूध लावायची घाई होती. उद्या सांगू, असं मी ठरवलं.

सकाळी बस्तीत गेले, दर्शन घेतलं आणि नियम घेतला की आज कुणी विचारल्याशिवाय बोलणार नाही. घराच्या वाटेवर निम्म्यात आल्यावर लक्षात आलं, आपण काय केलं. विसरून घेतला की मुद्दाम, हे मला अजून सांगता येत नाही. पण घेतला होता.

त्या दिवशी रोहिणी आणि बापूसो दारात उभे होते. हातात कलश, त्यावर नारळ, काही विशेष नाही. मी मागं उभी. महाराज बस्तीतून निघाले, चौगुल्यांचं दार ओलांडलं, आमच्या दारासमोर आले आणि थांबले. रोहिणी कलशावरचा नारळच सावरत राहिली. बापूसोंनीच नमोस्तु म्हणायला सुरुवात केली, मग ती. तीन प्रदक्षिणा झाल्या. दोघांनी शुद्धीचे शब्द म्हटले. महाराज आत आले, पाटावर उभे राहिले. पाय धुणं, पूजा, अर्घ्य यांत सगळे गुंतले.

मी आत गेले. दह्याचं पातेलं उचललं आणि मागच्या खोलीत धान्याच्या कणगीआड ठेवून आले. हात धुतले. परत चौक्यात येऊन महाराजांपुढं हात जोडले आणि म्हटलं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध आहे. हे म्हणणं बोलण्यात धरत नाहीत, आणि आता ते खरं होतं. मनाचं सोडून, मनाचं मला ठाऊक नाही.

आहाराआधी सगळे पदार्थ थाळीत मांडून महाराजांना दाखवतात. रोहिणी थाळी भरायला लागली. भात, मूग, लाल भोपळा, पाणी. दह्याच्या जागी तिचा हात गेला आणि रिकामा राहिला. तिनं चुलीकडे बघितलं, फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. तिला विचारता आलं असतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. पण चौक्यात महाराज उभे असताना गडबड करायची नाही हे तिला अकरा वर्षांत कुणापेक्षाही जास्त पाठ झालेलं. तिनं थाळी तशीच उचलली.

महाराजांनी थाळीवरून नजर फिरवली. एक क्षण थांबले. मग ओंजळ जोडली.

कोरडा भात त्यांना गिळवत नव्हता. दोन घासांमागे पाणी लागत होतं. रोहिणी घास देताना प्रत्येक घास बोटांनी उलगडून बघत होती, शिताशीत वेगळं करून. तिच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपायला मी मागं उभी राहिले. सात घास झाले. आठवा झाला. बाविसाव्या घासानंतर महाराजांनी थोडं पाणी घेतलं, ओंजळ सोडली आणि बसले. अंतराय आला नव्हता. दारात जमलेल्या बायकांनी जयजयकार केला. ज्या बाईनं अकरा वर्षं रोहिणीला भाजी निवडायला बसवलं तीच पुढं होऊन तिच्या गळ्यात पडली, आणि वेगळं होताना म्हणाली, दही लावायचं विसरलीस काय गं, म्हाताऱ्याला त्रास झाला की.

माणसं पांगल्यावर रोहिणीनं मला मागच्या खोलीत गाठलं.

"दही तुम्हीच उचललासा न्हवं, आक्का?"

तिनं विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. पिराजीचं, तीन वाट्यांचं, दोऱ्यांचं. सगळं संपल्यावर ती म्हणाली, आत्तींच्या हातून सात आहार झाले, ते याच दह्याचे. मी म्हटलं, हो. त्यांना ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मलाही नव्हतं, तुम्हाला होतं. मी म्हटलं, हो.

मी तिच्यासाठी भात टाकायला निघाले तर तिनं अडवलं. आहार झाला म्हणायचा की नाही हे महाराजांना विचारल्याशिवाय भात खाणार नाही म्हणाली. मी सांगितलं असतं, झाला म्हणून. पण माझं ऐकायच्या मनःस्थितीत ती नव्हती, आणि तसंही मी थाळीतली दह्याची जागा रिकामी करणारी. न्याय करणारी नव्हे.

दुपारी आम्ही दोघी बस्तीत गेलो. महाराज खांबाला टेकून बसले होते, आजूबाजूला दहा-बारा बायका. नंतर एकटीनं भेटून सांग असं मी खुणावलं. रोहिणीनं ऐकलं नाही. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, आवाज न चढवता, काही न लपवता. माझं नाव मात्र तिनं घेतलं नाही. आमच्या लक्षात आलं, एवढंच म्हणाली.

महाराजांनी विचारलं, "थाळीत दही होतं का?"

"नव्हतं."

"मग आहार झाला."

रोहिणीनं डोकं टेकलं. उठायला लागली तर महाराजांनी विचारलं, बाकीच्या घरीही नाणं असंच ठेवतात काय? रोहिणी माझ्याकडे बघायला लागली. मग महाराजही. मला विचारलं गेलं होतं.

"मी बाकीची बघितली नाहीत, महाराज," मी म्हटलं. "पण नाणं सगळीकडे फडक्यातच असतं."

बायकांत कुजबुज झाली. एकीनं आमचं फडकं दर आठवड्याला बदलतो म्हणून सांगितलं, दुसरीनं आमचं नाणं डबीत असतं म्हणून. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलली, डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाले की आजपासून दह्याचा त्याग.

कुणीतरी म्हणालं, महाराज, चार दिवस तरी, ऊन आहे. त्यांनी हात वर केला, म्हणजे झालं. सहावा रसही गेला. बायका उठल्या तेव्हा कुणी रोहिणीशी बोललं नाही, आणि माझ्याकडे तर कुणी बघितलंही नाही. पायऱ्या उतरताना मागून एकीचा आवाज आला, घरात बसून हेच उद्योग. तो माझ्यासाठी होता.

घरी आल्यावर रोहिणीनं साडी बदलली, तांदूळ धुतले, एकटीपुरता भात टाकला. मी आमटीसाठी पातेलं पुढं ओढलं. ती नको म्हणाली. भात वाफाळता होता तसा ताटात काढून घेतला, त्यावर काही घातलं नाही, आणि मांडी घालून बसली. पहिला घास तोंडात घालून बराच वेळ चावत राहिली.

"मी सांगितलं हे चांगलं केलं का वाईट, आक्का?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

"तुम्हाला ठाऊक नसतंय असं काय असतंय," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

मी तिच्या समोर बसले. तिनं ताट संपवलं, मग पातेलं जवळ ओढून राहिलेला भातही वाढून घेतला. सूर्य मावळायला अजून पाव तास होता.